पाच फळ्या, सहा माणसं

रात्रीचे दोन. ग्रनोबल.
द्राक आणि इझेर जिथं एकमेकींना मिळतात
त्या टोकावर सिंक्रोट्रॉनचं गोल छप्पर, बर्फाखाली.
आत ओदील
काडीला चिकटवलेल्या आपल्याच पापणीच्या केसानं
खनिजाचा कण उचलते.
शेजारी मिठाचा दाणा ठेवला
तर मीठ डोंगर वाटेल.

मॅग्नेशियम, ऑक्सिजन, चवीपुरतं लोखंड.
आपल्या पायांखाली, खूप खाली, हे पुष्कळ आहे म्हणतात.
जागेवर जाऊन कुणी पाहिलेलं नाही.

दोन हिऱ्यांची टोकं, मध्ये पत्र्याला भोक,
भोकात कण, कणाला सोबत माणकाचा कपचा,
त्याच्या लाल उजेडावरून दाब वाचायचा.
तीस वर्षं हेच:
स्क्रू जरासा, श्वास रोखून, पुन्हा जरासा.
निवृत्तीला एकवीस दिवस.

क्लेर्वी, ब्रेस्टची पोरगी, पडद्याला नाक लावून बसलीय.
उंच शिखराच्या डाव्या अंगाला एक छोटी टेकडी.
"ती दिसतेय तोवर चौघे एकटे आहेत," ती म्हणते,
"चार इलेक्ट्रॉन, चौघांची गिरकी एकाच दिशेची."

तीस गिगापास्कल. टेकडी आहे.
चाळीस. आहे.
कॉफीवर साय धरली.
अठ्ठेचाळीसला ती किंचित बसल्यासारखी,
की डोळेच थकले?

"तुला समीकरण येतं," ओदील म्हणते,
"मला बाबांची खोली येते."
बेल्दोनच्या खांद्यावरचा निवारा, बाबा त्याचे राखणदार.
पाच फळ्या: खाली तीन,
वर दोन, छपराला टेकलेल्या.
त्या रात्री सहा गिर्यारोहक आले.
पाचांनी पाच फळ्या धरल्या, जो तो आपापली,
सहावा उशिरा आला, त्याला कुणीतरी कुरकुरत जागा दिली.
मग बर्फ पडायला लागला तो थांबेचना.
वासा वाकला. वरच्यांच्या नाकाला छप्पर लागलं.
बाबा ओरडले, उतरा खाली!
तीन फळ्यांवर सहा जण,
एकाचं डोकं तिथं दुसऱ्याचे पाय.
मी सात वर्षांची, हातात कंदील.
अचानक खोली शांत झाली,
कुणाचीच कूस कुणीकडे वळेना.

"आणि जुळलं का कुणाचं?" क्लेर्वी हसते.
"छे गं. सकाळी बाबांनी खोऱ्यानं छप्पर मोकळं केलं,
जो तो आपल्या वाटेनं गेला.
एकाचा मोजा राहिला.
आवडून कोण निजतं असं?
वरती निजणं त्याहून महाग पडलं, एवढंच."

बावन्न.
छप्पन्न.
साठाला टेकडी नाही.
जिथं होती तिथं सपाट रेघ,
रेघेवर क्लेर्वीचं बोट, नेलपॉलिश सोललेलं.

आणि मग टिक.
एवढासाच आवाज, नखानं काचेवर वाजवल्यासारखा.
हिरा गेला.
दाब शून्य.
पडद्यावर काही दिसण्याआधी
सगळे आपापल्या फळ्यांवर पोचलेही असतील.
क्लेर्वीनं ब्रेतॉनमध्ये शिवी हासडली.
ओदीलनं ब्रश घेतला,
हिऱ्याची भुकटी एका डबीत भरली,
डबीवर तारीख घातली, सवयीनं.

बाराशे, पंधराशे, दोन हजार किलोमीटर खाली
ते अजून तसेच आहेत, डोक्याशी पाय,
आकसलेले, चुंबकाला दाद न देणारे,
आणि तिथं पहाट होत नाही,
कुणी खोरं घेऊन येत नाही.

पहिली ट्राम पाच वाजता.
डब्यात ती एकटी, वर एक झोपलेला बेकरीवाला, पार टोकाला.
ओदील खिडकीशी बसली,
शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली.